कान धरला की बदाम

सोम., ३ नोव्हें.
साताऱ्याच्या या निवृत्तांच्या वसाहतीत येऊन आठवडा झाला. खोलीत ऊन छान, जेवण अळणी. कुपवाडहून संजूचा फोन. "आई, महिनाभर बघ. मग सांग, तुझं कपाट घेऊन येऊ का तुला न्यायला येऊ." लेकाकडं राहून झालंय. तो कारखान्यात, सून ऑफिसात, मी आणि टीव्ही. रहिमतपुरात घर आहे, घरात माणूस नाही. इथं जमलं नाही तर जायचं कुठं, हे त्याला कसं सांगू.

बुध., ५ नोव्हें.
दुपारी हॉलमध्ये मेंढीकोट चालतं. चौथं माणूस गावाला गेलेलं, म्हणून मला हाक आली. हे गेल्यापासून पत्त्यांना हात लावला नव्हता. लय बरं वाटलं.
एकीकडं सांगलीचे काळेअण्णा (कोर्टात होते) आणि जगताप सुभेदार. माझ्यासमोर भिडू इनामदारबाई, शाळेवर होत्या. माझ्या हातात बदामाची दश्शी, आणि मेंढीकोटात सगळा खेळ दश्श्या जिंकण्याचा. बाईंनी बदाम उतरावा म्हणून कान धरला. त्यांनी किलवर टाकलं. पुढं माझी दश्शी अण्णांच्या एक्क्याखाली गेली. माझं डोकं फिरलं. "आवं बाई, मगाधरनं कान धरून बसलीया, दिसलं न्हाई व्हय?"
अण्णांनी पत्ते पालथे ठेवले. "खुणा? ही लबाडी झाली."
उठून आले. आमच्या घरी खुणा हा डावाचाच भाग. हे पलटणीतून सुट्टीवर आले की दीर-जावा मिळून बसायचो. कान म्हणजे बदाम, नाक म्हणजे इस्पिक, पदर सावरला की दश्शी माझ्याकडं. आपण लपवायच्या, समोरच्यांनी पकडायच्या. त्याला लबाडी म्हणतात हे या वयात कळलं.

शुक्र., ७ नोव्हें.
दोन्ही वेळचं ताट खोलीत मागवलं. इनामदारबाई दार वाजवून गेल्या. उघडलं नाही. लबाड म्हणून आजवर कुणी मला...

शनि., ८ नोव्हें.
रुसून तरी किती बसणार. कंटाळा आला. आणि असं तोंड लपवून इथनं गेले तर ते नाव कायमचं चिकटंल.
खाली गेले, अण्णांसमोर उभी राहिले. "ती आमच्या घरची रीत. इथं इथल्या रीतीनं खेळंन. पण लबाड म्हणू नका." अण्णा हातातले पत्ते पिसायला लागले.
सुभेदार म्हणाले, "आवं ताई, आमच्या पलटणीत निम्मा डाव खोकल्यावर चालायचा."
अण्णा म्हणाले, "म्हणून मी फौजेत गेलो नाही." मग मला, "बसा."

मंगळ., ११ नोव्हें.
पत्ते ओढून भिडू ठरवले, माझ्या वाट्याला अण्णाच. हात आपोआप कानाकडं जातो मेला. मधूनमधून मांडीखाली दाबून बसले. चारी दश्श्या पलीकडं, आमच्यावर सणसणीत कोट.
अण्णा तडकले. "तुमच्याकडं दश्शी होती तर कळवायचं की हो."
इनामदारबाईंनी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसून घेतलं. सुभेदारांना ठसका लागला. शेवटी अण्णाही हसले. ठरलं, शनिवारी खुणांचा डाव. चौघांनाही मुभा.

शुक्र., १४ नोव्हें.
चहानंतर तिघांना खुणा शिकवल्या. अण्णा शिक्षा झालेल्या पोरागत कान पिळतात, सगळ्या हॉलला कळतं. बाई मात्र पक्क्या. वर्गात कॉप्या पकडण्यात जन्म गेला त्यांचा, माझी नजर हलली की ओळखतात.
संजूचा फोन. "ठरलं का?" म्हटलं, कपाटाचं माप घेऊन ठेव, आणायचं का ते अजून सांगत नाही. हसला. लय दिवसांनी हसला माझ्याशी.
एक खूण राहिली. शेवटचं पान टाकायच्या आधी हे खाली बघून मिशीतल्या मिशीत हसायचे. म्हणजे डाव आपला, तू घोर करू नको. त्यांना कधी विचारलं नाही, मीच तसा अर्थ घेतलेला.
अण्णांनी विचारलं, "झाल्या ना सगळ्या?"
व्हय म्हटलं.