प्रश्न लिहून द्या

३ फेब्रुवारी

प्रिय ताई,

नमस्कार. आम्ही ठीक आहोत, तू आणि भाऊजीही तब्येतीला जपून असाल असं धरून चालते. तुझा राग पोचला. फोन उचलत नाही, उचलला तरी "हो, हो" करून ठेवते, एवढी कसली मोठी झाली ती, असं तू माझ्या लेकीला सुनावलंस म्हणे.

ताई, अभ्यासानं नाकी नऊ आणलेत गं. पन्नाशीला टेकलेली बाई वर्गातल्या तंत्रज्ञानाची पदव्युत्तर पदवी घ्यायला बसली, एवढंच शिक्षकखोलीच्या करमणुकीला पुरतं. माझ्याबरोबर शिकणारे सगळे लेकीच्या वयाचे. सुरुवातीला ऑनलाइन तासाला मी भलतंच बटण दाबलं आणि आमचे हे बनियनवर चहा गाळताना आख्ख्या तुकडीला दिसले. ते अजून माझ्यावर फुगलेत.

पण आता तीच पोरं माझा शाळेतला तास बघायला येतात. मी विज्ञानाचा प्रश्न विचारला की मुलं हात वर करत नाहीत, टॅबवर उत्तर लिहितात. उत्तरं आधी माझ्या टॅबवर येतात. मग त्यातली काही, नावं झाकून, मी भिंतीवरच्या स्क्रीनवर टाकते. कधी तोंड न उघडणारी मुलं काय काय लिहितात म्हणून सांगू. माझा प्रबंधही त्यावरच आहे, लाजाळू मुलांचा वर्गातला सहभाग.

पुढच्या महिन्यात तोंडी परीक्षा. तोवर फोन नको, पत्रच लिही. तुझं अक्षर बघायला बरं वाटतं, दुसरं काही कारण नाही.

तुझी,
बारकी


९ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. पास झाले. नुसती नाही, प्रथम श्रेणीत. हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचताना तू घाबरणार नाहीस.

दुसरं कारण होतं, ताई. मला नीट ऐकू येत नाही. गेली काही वर्षं कमीच होत चाललंय, आणि फोनवर तर तुझं एक वाक्य धड कळत नाही. डॉक्टरांनी मशीन दिलंय. घरात त्याचा उपयोग होतो, पण वर्गात बाक सरकल्याचा आवाज आणि मुलांचं उत्तर एकाच जोरानं कानात शिरतं. मी पुढच्या दोन बाकांवरच्या मुलांच्या ओठांकडे बघून शिकवत होते. मागून काही आलं की अंदाजानं "छान" म्हणायचं आणि पुढे जायचं. पालकांच्या तक्रारी शाळेकडे गेल्या. नव्या वर्षापासून ग्रंथालय सांभाळा, असं मुख्याध्यापिकाबाईंनी गोड शब्दांत सुचवलं. वर्ग सोडून मला दुसरं काही येत नाही, आणि नकोही आहे.

म्हणून पदवी होईपर्यंत वर्ग मागून घेतला आणि शिकायला बसले. मुलांनी लिहिलं तर मला वाचता येईल, एवढाच मतलब होता. तुला सांगितलं नाही, कारण आपल्या अण्णांचे कान गेल्यावर घर त्यांच्याशी कामापुरतंच बोलायला लागलं होतं. तूही माझ्याशी तसंच बोलशील या विचारानं जीव घाबरायचा.

परीक्षेला मुख्याध्यापिकाबाई मागच्या खुर्चीत येऊन बसल्या. बाहेरून आलेले परीक्षक हनुवटीवर हात ठेवून बोलणारे, ओठ दिसायची सोय नाही. सगळा प्रबंध मी व्यवस्थित मांडला. मग त्यांनी प्रश्न विचारला आणि मला एक अक्षर कळलं नाही. मान हलवून काहीतरी ठोकून द्यायची सवय आहे मला. तोंड उघडलंही होतं. मग वाटलं, एवढं शिकून मी हेच करणार असेन तर शिकले कशाला?

"सर, मला कमी ऐकू येतं," मी म्हणाले. "माझ्या वर्गातली मुलं लिहितात. तुम्हीही प्रश्न लिहून द्या."

ते उठले, माझा टॅब घेतला आणि एका बोटानं शोधत शोधत लिहिलं. स्क्रीनवर आलं: ही पद्धत शिक्षकाच्या सोयीची की मुलांच्या?

"सुरुवात माझ्या सोयीनं झाली," मी म्हणाले, "पण आधी मी दोन बाकांना शिकवत होते. आता सगळ्या वर्गाला शिकवते."

त्यांनी पुन्हा टॅब ओढला आणि लिहिलं: हेच वाक्य प्रबंधात पहिलं हवं होतं. ताई, मी सगळ्यांसमोर खळखळून हसले. किती दिवसांनी हसले असेन. बाहेर आल्यावर मुख्याध्यापिकाबाईंनी माझा हात धरला आणि माझ्याकडे तोंड करून सावकाश सांगितलं की ग्रंथालयासाठी त्या दुसरं कुणी बघतील, मला सुट्टीत सगळ्या शिक्षकांना ही पद्धत शिकवायची आहे.

दुसऱ्या दिवशी केस वर बांधून, मशीन दिसेल अशी वर्गात गेले. मुलांना सगळं सांगितलं आणि म्हटलं, काही विचारायचं असेल तर लिहा. मशीन पावसात चालतं का, झोपताना काढता का, रेडिओ लागतो का, प्रश्नांची नुसती झुंबड. त्यात एक ओळ आली, ती मी स्क्रीनवर टाकली नाही. सगळे शिक्षक जिला 'लक्ष कुठे असतं तुझं' म्हणून रागावतात, त्या मुलीची. "बाई, मलापण कमी ऐकू येतं. मी कोणाला सांगितलं नाही."

मी मान वर केली. ती माझ्याकडेच बघत होती. मी तिला लिहिलं: मला सांगितलंस ना, आता आपण दोघी आहोत.

उद्या तिच्या आईला शाळेत बोलावलंय. तिथून आम्ही तिघी माझ्या डॉक्टरांकडे जाणार आहोत. तू रविवारी ये. समोर बस, आणि मनसोक्त रागाव.

अजून वर्गातच असलेली,
तुझी बारकी