निघताना ‘कुठं’ म्हणायचं नाही

दादा, तुम्ही गेलात त्याला वीस वर्षं होत आली आणि बापाशी बोलायची हिंमत मला आत्ता होऊन राहिली.

तुमच्या नातीनं राजस्थानचा बेत आखला होता. तुम्ही तिला पाहिलं नाही, नववीत आहे. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तिघं, आमची जुनी कार, आठ दिवस. कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर तिनं पेनानं रस्ता काढला. हिंगोलीहून इंदूर, मग उदयपूर, जोधपूरचा किल्ला, जैसलमेरला वाळूत तंबूत एक मुक्काम, येताना बिकानेर. रोज दुकानातून आलो की आम्ही दोघं त्या पानावर वाकून बसायचो. ते दिवस लई चांगले होते.

निघणाऱ्या माणसाला ‘कुठं’ विचारू नये, हे घरोघरी पाळतात. कुणी चुकून विचारलंच तर माणूस घोटभर पाणी पितो, घडीभर बसतो आणि निघतो. तुम्ही बसणारे नव्हते. मी आठ वर्षांचा. कळमनुरीचा बाजार, प्रवाशांच्या शिटा भरायची घाई, तुम्ही काळ्या-पिवळ्या जीपला चावी लावता आहात, आणि मी अंगणातून विचारतो, ‘दादा, कुठं चालले?’ तुम्ही खाली उतरता. सीटखालचा तुटका फॅन बेल्ट काढता. पाठीवर, मांड्यांवर, मग तोंडावर. आई मधी पडली तर बांगड्यांसकट तिचं मनगट फोडलं तुम्ही. ‘काहून इचारलं? सांग, काहून?’ म्हणत तुम्ही मारून राहिले होते. उजव्या कानातून रक्त आलं. त्या कानानं मला आजही ऐकू येत नाही. संध्याकाळी तुम्ही जिलबी आणली. मी खाल्ली, गोड लागली, आणि त्यापायी मला तुमच्याइतकाच माझाही राग येतो.

परवा सकाळी मी टायरच्या दुकानाला निघालो. मोटरसायकल चालू केली आणि लेक पान घेऊन उजव्या बाजूनं पळत आली. ‘पप्पा, पयला मुक्काम कुठं करायचा?’ असं तिनं विचारलं होतं, हे मला नंतर बायकोनं सांगितलं. मला एकच शब्द ऐकू आला. हात कधी उठला कळलंच नाही, असं म्हणायची पद्धत आहे. मला चांगलं कळलं. एक नाही, तीन. ती ओट्याच्या कडेवर आपटली, ओठ फाटला, पानावर रक्त सांडलं. बायको उलथनं घेऊन बाहेर आली. ‘पुन्हा हात लावून पाहा. झोपेत डोकं फोडीन तुमचं,’ म्हणाली. ती बोलते ते करते.

काल लेकीजवळ जाऊन बसलो. म्हणालो, तंबूचं बुकिंग करून टाकू. ती सरकून बसली.

‘मी न्हाई येत. तुमी दोघं जा.’

‘एवढा बेत केला, आन् आता काहून?’

‘इथं मारलं तर शेजारच्या काकूच्या घरात शिरता येतं. तिथं सगळी वाळू. मी कोनाच्या घरात शिरू?’

माफी मागायला गेलो तर तोंडात आधी ‘पण’ येत होतं, म्हणून उठून आलो. हे पत्र कुणाला द्यायचं नाही, आईला तर नाहीच, तेव्हा खरं लिहून ठेवतो. पहिल्या चापटीलाच मला थांबता आलं असतं, दादा. बरं वाटत होतं, म्हणून थांबलो नाही.