राखी घरीच आहे

८ जून, पुणे

पोचले एकदाची. उमरखेडहून निघालेली ट्रॅव्हल्स सकाळी वाकडच्या पुलाखाली थांबली. उतरल्यावर पहिलं काम केलं ते याडीने बांधून दिलेलं फडकं भाकरी-ठेच्यासकट तिथल्या कुत्र्यांपुढे सोडायचं. आईला आमच्या बंजारा तांड्यावर याडी म्हणतात, आणि याडीला वाटतं पुण्यात माणसं उपाशी मरतात. नव्या खोलीत पहिलं पाऊल टाकताना अंगाला लसणाचा वास नको होता.

खोली म्हणजे तिसऱ्या मजल्यावर एक पलंग, अर्धं कपाट आणि माझ्या वाट्याला आलेली खिडकीची एक काच. भाडं ऐकून बा म्हणाला, एवढ्यात तांड्यावर घर उभं राहतं. राहतं की. पत्र्याचं. सोमवारी नोकरी सुरू. विम्याच्या ग्राहकांच्या तक्रारींना ईमेलवर उत्तरं द्यायची. हे तांड्यावर कुणाच्या डोक्यात शिरेना, म्हणून बाने सगळ्यांना सांगून टाकलं की पोरगी बँकेत लागली.

एकच खटकलं. खोलीतली दुसरी मुलगी, नाजिया, उमरखेडचीच निघाली. तिचे अब्बा मन्सूरभाई, स्टँडच्या मागे गॅरेज. मला पाहून दारातच ओरडली, “अवं, तू बी आपल्याकडचीच काय?” अख्ख्या जिन्याने ऐकलं. इतका पैसा ओतून इतक्या लांब यावं आणि पलंगाशेजारी उमरखेडच असावं.

१९ जून

ऑफिसात छान चाललं आहे. गाव विचारतात तेव्हा मी नागपूर सांगते. नाजियाही माझ्याच ऑफिसात आहे, ती मात्र कँटीनमध्ये उभी राहून ‘मले लय भूक लागून राह्यली’ म्हणते आणि सगळे हसले की स्वतःही हसते. तिला कळतच नाही की ते कशाला हसतात.

याडीचे फोन संपत नाहीत. जेवली का, झोपली का, पाणी सोसतं का. काल मीटिंगमध्ये फोन वाजला आणि पडद्यावर तिचा डोक्यावर ओढणीवाला फोटो सगळ्यांना दिसला. बाहेर जाऊन मी तिला सांगितलं की तुला मुलगीच नाही असं समज आणि मला काम करू दे. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, जेवली का.

५ जुलै

इतके दिवस याडीचा एकही फोन नाही. डोकं शांत झालं.

आज मलाच करावा लागला. ऑफिसला मूळ गुणपत्रिका हवी आहे, ती पाठवून दे म्हणायला. याडी आनंदात होती. कोण बोलतंय, म्हणाली. मी म्हटलं, राखी. ती हसली आणि म्हणाली, राखी तर घरीच आहे, चुलीपाशी बसली आहे, तुम्ही कोण? मागे कुणीतरी बारीक आवाजात गुणगुणत होतं. मग माझ्या भावाने, बादलभाऊने फोन घेतला, नंतर बोलतो म्हणाला आणि ठेवला.

याडीचं डोकं फिरलं असावं. शिकलेलं एक माणूस घराबाहेर पडलं की मागे हेच उरतं.

१२ जुलै

बादलभाऊचा फोन. तो छोटा हत्ती टेम्पो चालवतो. रस्त्याच्या कडेला गाडी लावून, घाबरल्या आवाजात बोलत होता. त्याचं म्हणणं असं. तीन आठवड्यांपूर्वी दिवे लागायच्या वेळी मी पायी चालत घरी आले. हातात बॅग नाही, काही नाही. याडीच्या गळ्यात पडले, नोकरी नको म्हणाले. सगळ्यांनाच खरं वाटलं. मी दिवसभर शेतात निंदायला जाते, पाणी भरते, याडीचे पाय दाबते. मला घाम येत नाही. बकऱ्यांनी पहिल्याच दिवशी दावी तोडली, त्या अजून परतल्या नाहीत. आणि मी आल्यापासून बा बाजेवरून उठलेला नाही. रोज थोडा थोडा वाळतो आहे.

मी विचारलं, किती प्यायला आहेस?

तो रडायला लागला. “तू इकडे येऊ नको. फोन बी करू नको. तिले ठाऊक नाई का तू तिकडं हायेस.”

दारू, नाहीतर शेतातल्या माझ्या वाट्यावर डोळा. दुसरं काही असण्याइतकी अक्कल त्याला नाही.

२ ऑगस्ट

नाजिया बहिणीच्या लग्नाला घरी गेली होती. आज आली, ती माझ्याकडे बघतच राहिली. मी तिच्या आधी कशी पोचले, म्हणाली. परवा मी याडीसोबत तिच्या अब्बांच्या गॅरेजसमोर उभी होते म्हणे. तिने फोटो दाखवला. ती, आणि शेजारी मी. तेल चोपडलेल्या दोन वेण्या, याडीची जुनी ओढणी. हनुवटीवर माझ्या खुणेसारखीच खूण, पण उजवीकडे. माझी डावीकडे आहे. सेल्फीत उलटं दिसतं, मी म्हटलं. नाजिया म्हणाली की फोटो अब्बांनी काढला.

मग हळूच म्हणाली, “ते तुयावानी हासत होती वं. पन डोळ्याची पापनी नाई लवली तिची. एकडाव बी नाई.”

नाजियाला भुताच्या गोष्टींचा नाद आहे. मी सरळ सांगते काय असेल ते. कुठल्यातरी योजनेसाठी माझ्या नावावर एक मिळतीजुळती पोरगी उभी केली आहे. तांड्यावर याहून मोठ्या लबाड्या झाल्या आहेत.

९ ऑगस्ट

कुणाच्या तरी फोनवरून याडी. दबक्या आवाजात. येऊ नकोस, इथे तुझं कुणी नाही, तुला मुलगीच नाही समज म्हणाली होतीस ना, तसंच समजते आहे. आणि ठेवला.

शिकवली, पुण्याला धाडली, आणि आता हे. बादलभाऊचा फोन बंद. बाचा कुणी उचलत नाही.

मी जाणार आहे. त्या पोरीची वेणी धरून तिला बाहेर काढते आणि सगळ्यांना माझं आधारकार्ड दाखवते.

१४ ऑगस्ट, तांडा

सकाळी उमरखेडला उतरले, दुपारी ऑटोने इथे. तांड्यावर चिटपाखरू नाही. आमच्या शेजारच्या दोन घरांना कुलपं. ऑटोवाला फाट्यावरच थांबला, पुढे यायला तयार नाही. मागास माणसं.

हे लिहिते आहे ते आतल्या खोलीतून. बाहेरून कडी आहे. जे झालं ते आधी नीट लिहिते. नीट लिहिलं की डोकं ठिकाणावर राहतं.

याडी दारात उभी होती. कपाळ मोकळं, हात मोकळे. बा गेला होता. मला कळवलंसुद्धा नाही. मी काही बोलायच्या आत ती म्हणाली, “कोन पायजे, बाई?”

मराठीत. याडी माझ्याशी आमच्या बोलीतच बोलते, जन्मात मराठी बोललेली नाही.

तिने पाण्याचा तांब्या पुढे केला. पाणी माझ्या चपलांवर सांडलं. “तुमी चुकल्या, बाई. इथं पुन्याचं कोनी नाई. चारची गाडी हाय फाट्यावरून. थे पकडा. जा.” सारखं आतल्या दाराकडे बघत होती. डोळ्यांनी मला ढकलत होती. आता कळतं. तेव्हा मला वाटलं, मला ओळखही दाखवायची नाही हिला. त्या पोरीपायी.

मी विचारलं, बादलभाऊ कुठे आहे? ती म्हणाली, “बादल म्हनून कोनी नाई इथं.”

आणि मी ओरडले. तांडाभर ऐकू जाईल असं. मी राखी आहे, भीमसिंगची आणि लालीबाईची खरी मुलगी, ती आतली कोण ते दाखव.

याडीने दोन्ही हातांनी माझं तोंड दाबलं. उशीर झाला होता. आतलं गुणगुणणं थांबलं.

ती बाहेर आली. मीच. हनुवटीची खूण उजवीकडे. इतकी आनंदली होती. “घरची आली,” म्हणाली. माझ्या आवाजात. “अजून एक घरची हाय, हे याडीनं सांगितलंच नाई.” माझा हात धरून आत आणलं आणि बाहेरून कडी लावली. हाताला ऊब नव्हती, गारवाही नव्हता. मी हिसडा देऊ शकले नाही.

कोपऱ्यात बादलभाऊ आहे. भिंतीला टेकवून ठेवला आहे. शर्ट त्याचा आहे. शर्टात फारसं काही उरलेलं नाही.

ती घरच्या माणसांनाच खाते. म्हणून याडी मला —

नंतर

उजेड पत्र्याच्या फटीतून येतो तेवढाच. फोनला रेंज नाही. दार हलत नाही.

बाहेर बोलणं चाललं आहे. याडी आमच्या बोलीत बोलते आहे. ती कुणी पुण्याची बाई आहे, म्हणते. माझी नाही. मला एकच पोरगी, तूच.

ती विचारते, मग ती बाई स्वतःला तुझी पोरगी काहून म्हणाली?

याडी म्हणते, वेडी आहे. सोडून दे. घरची नाही ती.

मी तोंडात ओढणी कोंबली आहे. आवाज नको.

ती म्हणते, मग मी काय खाऊ.

याडी म्हणाली — अगदी रोजच्या आवाजात, जेवली का विचारते तशी — मी आहे ना. मला घे. आधी तिला जाऊ दे.

याडी

नंतर

काही ऐकू येत नाही.

बराच वेळ.

दाराशी कुणीतरी आलं. बांगड्या नाहीत. पाय ओढत चालणं याडीचंच. कडी काढते आहे. बाहेर ये म्हणते, गाडी चुकेल म्हणते, याडीचाच आवाज, पण एवढा आनंदात —

दार उघडलं. दारात याडी आहे. डोळ्यांची पापणी एकदाही —