साखरेच्या डब्याशेजारी

१४ ऑक्टोबर
आजपासून इंग्रजी. मुलगा वीटेक, सूनबाई ऑर्ला आणि नात नोरा पुढच्या आठवड्यात डब्लिनहून येणार. नोराला आमची चेक भाषा अजिबात येत नाही. रविवारच्या फोनवर माझी बायको द्राहुश्काच बोलायची, मी बाजूला बसून हात हलवायचो. आता ती नाही, तेव्हा जबाबदारी माझी. रोज वीस शब्द. सहा वर्षांच्या मुलीशी बोलायला आणखी काय लागतं?

१५ ऑक्टोबर
मिल्क म्हणजे म्लेको. सिस्टर म्हणजे सेस्त्रा. ग्रँडमदर म्हणजे बाबिच्का. लोक या भाषेचा उगाच बाऊ करतात.

१७ ऑक्टोबर
नवी पद्धत. घरभर चिठ्ठ्या चिकटवल्या. वर इंग्रजी, खाली चेक. डोअर, द्वेरे. विंडो, ओक्नो. शेजारच्या झेलेन्कोवाबाई बटाटे घेऊन आल्या. म्हणाल्या, ‘काय शेजारी, घर लिलावात काढलंत का?’ मग स्वयंपाकघरातल्या फळीकडे बघून हळूच विचारलं, ‘ती अजून इथंच?’
सांगितलं, वर्बकाकडून थडग्याचा दगड अजून घडवून व्हायचाय. हे कारागीर असेच.
द्राहुश्काचा अस्थिकलश, दिसायला साध्या डब्यासारखाच, साखर आणि रवा यांच्या डब्यांमध्ये ठेवलाय. तात्पुरता. एप्रिलपासून.

२० ऑक्टोबर, रविवार
फोन. नोराने काहीतरी विचारलं. मी म्हणालो, ‘विंडो.’ उच्चार चांगला झाला. वीटेक म्हणाला, ‘बाबा, ती विचारत होती, तुम्ही कसे आहात.’
दोन नोव्हेंबरला सगळे मृतांसाठी दिवे लावतात, तेव्हा आजीच्या थडग्यावर ठेवायला नोराने काचेचा दिवा रंगवलाय. दगड बसला ना, असं वीटेकने विचारलं. बसला म्हणालो. परदेशात त्याच्या डोक्याला ताप कशाला? ते येईपर्यंत बसेलच.

२३ ऑक्टोबर
वर्बकाचा फोन दोनदा वाजला. अभ्यासात होतो.

२५ ऑक्टोबर
आले. दारात ‘गुड मॉर्निंग’ म्हणालो. संध्याकाळ होती, पण भावना पोचली.

२६ ऑक्टोबर
नोरा पेन्सिल घेऊन घरभर फिरली. ‘कपबोर्ड’ दुरुस्त केलं, ‘सीझर्स’ दोनदा. बाकी पास. वीटेकच्या हसण्याकडे लक्ष दिलं नाही.
मग ती स्टुलावर चढली. फळीवर सगळ्याला चिठ्ठ्या, एकाच डब्याला नाही. बोट दाखवून म्हणाली, ‘व्हॉट इज धिस?’
धडा पहिला, वाक्य पहिलं. पूर्ण समजलं. उत्तरही येत होतं. लागणारा शब्द दुसऱ्याच दिवशी पाठ केलेला.
म्हणालो, ‘शुगर.’
शेजारच्या डब्यावरही तेच होतं. दोन डबे असू शकतात. नोराने चिठ्ठी लिहून चिकटवली. स्पेलिंग बरोबर असणार.
तिचं लक्ष नसताना काढून टाकीन.

२७ ऑक्टोबर, रविवार
राहून गेलं.
सकाळी ऑर्ला पॅनकेक करत होती. साखरेचा डबा रिकामा निघाला. चिठ्ठी वाचून तिने दुसरा काढला आणि झाकण फिरवायला लागली. मी टेबलाशी होतो. तोंडातून एकच शब्द निघाला, तोही ओरडून.
‘ग्रँडमदर!’
ऑर्लाने झाकणावरचा हात काढला आणि डबा छातीशी धरून तशीच उभी राहिली. तव्यावरचं जळलं.
वीटेक गुडघ्यावर बसून नोराला बराच वेळ काही सांगत होता. मला त्यातलं फक्त ‘सॉरी’ कळलं. मग माझ्याकडे वळून म्हणाला, ‘बाबा, तुम्ही तर दगड बसला म्हणाला होतात.’
अंगणात लाकडं बघून आलो. ती जागेवर होती.
परत आलो तर नोराने जुनी चिठ्ठी काढून नवी लावली होती. वर ग्रँडमदर, खाली माझ्या वहीतून बघून बाबिच्का. रंगवलेला दिवा शेजारी पेटवून ठेवलेला. वीटेकने सांगितलं, तिचं म्हणणं आहे ही चिठ्ठी तिकडे थडग्यातही राहू द्यायची. नाहीतर बाकीच्यांना कळणार कसं, कोण आलंय.
पॅनकेक बिनसाखरेचे खाल्ले.

२९ ऑक्टोबर
काल राष्ट्रीय सुट्टी होती, म्हणून आज वर्बकाला फोन केला. म्हणाला, दगड जूनपासून तयार आहे, तुम्हीच फोन उचलत नव्हता. शनिवारच्या, दोन तारखेच्या आत बसवतो.
मी म्हणालो, माहीत आहे.