भिंती बघायला शेखावाटीत

१२ सप्टें. ९५, मंगळवार
हैदराबादच्या आमच्या जाहिरात-ऑफिसात, हिमायतनगरला, साडीवाले शेठजी आले होते. दिवाळीचं कॅलेंडर करायचंय. देव नकोत, नट्या नकोत, आमची हवेली छापा म्हणे. पाकिटातून फोटो काढले. राजस्थानात, शेखावाटीत त्यांचं गाव. चहूकडे वाळू आणि मधेच ही घरं, आतून-बाहेरून चितारलेली. हत्ती, पलटणी, आगगाडी. एका भिंतीवर खोटी खिडकी रंगवलीय, तिच्यातून एक बाई बाहेर बघतेय. कुठे बघतेय कळत नाही.
"राहतं कोण तिथे?"
"कोई नहीं. एक भुआ हैं बस." म्हणजे आत्या. एवढ्या हवेलीत एकटी.
फोटो आजच प्रेसला द्यायचे होते. पर्समध्ये घालून घरी आणले.

१५ सप्टें.
चित्त थाऱ्यावर नाही. जाहिरातीचं पेस्टिंग दोनदा वाकडं. मालक राव सर म्हणाले, मॅडम, दिवाळीनंतर कॉम्प्युटर येतोय, हे कात्री-गोंद सगळं बंद. टी.व्ही. कंपनीचं मोठं काम मिळालंय, त्याचे पेढे. ऑफिसातली पोरंपोरी खूश. मी पेढा हातात धरून बसले.
घरी चिक्कडपल्लीपर्यंत चालत आले. पुण्याहून लग्न होऊन ह्या गल्लीत आले तेव्हा चित्रकलेच्या परीक्षेचे रंग अजून नखांत होते. आता नवीन शोरूम, केबलच्या तारा, सगळं शहर कुठेतरी निघालेलं. आणि मी...

१९ सप्टें.
ह्यांना विचारलं. बँकेतून आल्यावर, चहा झाल्यावर, मुहूर्त बघून.
"भिंती बघायला दोन रात्रींचा प्रवास?"
"हो."
"आणि एकटी?"
"शेठजी म्हणाले, हवेलीतच उतरा. त्यांच्या आत्या आहेत."
"चारमिनार इथे आहे, तो कधी वर चढून बघितलास?"
विषय संपला. त्यांच्या बाजूने.

२४ सप्टें., रविवार
आई (सासूबाई) वालाच्या शेंगा सोलत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "मी येते तुझ्यासंगं. मग तर तो न्हाई म्हणत न्हाई."
मी म्हटलं, "आई, तिथे बघायला काही नाही. वाळू आणि जुने रंग."
"काहून? मी आले तर रंग उडतील का?"
राग आला. भयंकर. मला एकटीलाच जायचंय. का, ते मलाही सांगता येणार नाही. पाच मिनिटं कुणी 'सुनंदा' अशी हाक मारू नये, बस.
पण त्यांचं बरोबर निघालं. ह्यांनी लगेच हो म्हटलं. वर खूश. "आईला पुष्करही दाखवून आण."

३ नोव्हें.
रजा मागितली. राव सर: "आत्ता? कॉम्प्युटर सोमवारी येतोय. पहिल्या दिवसापासून शिकला नाहीत तर मागे पडाल मॅडम." मी म्हटलं, पडते. तोंडातून निघून गेलं. रजेवर सही त्यांनी केली नाही, तरी मी निघणार.

७ नोव्हें., गाडीत
काचीगुड्याहून काल निघालो. छोट्या रुळांची गाडी, हलते फार. नांदेडला आईंचे भाऊ भाकरी-ठेचा घेऊन आले होते. "कुठं निघालीस गं आक्का?" "भिंती बघायला," आई म्हणाल्या. मामांनी माझ्याकडे बघितलं.
आई खिडकीशी. मी वरच्या बाकावर झोपेचं सोंग घेऊन.

९ नोव्हें.
पोचलो काल संध्याकाळी, जयपूरहून बसने. अंगभर धूळ. सकाळी उठले आणि गल्लीत उभी राहिले तर... लिहिता येत नाही. निळा इतका निळा. घरांना कुलुपं. मालक कलकत्त्याला, मुंबईला, आपल्या हैदराबादला. रंग तेवढे मागे राहिलेत आणि उंटगाड्या त्यांच्याखालून जातात.
दिवसभर फिरले. कुणी हाक मारली नाही.

१० नोव्हें.
खोटी खिडकी शोधली. नाही. भुआजींना विचारलं तर हसल्या. फोटो जुना, दोन वर्षांपूर्वी तिथे भिंत फोडून खरी खिडकी केली. खोलीत वारा येत नव्हता.
खूप वेळ तिथे उभी राहिले. वारा छान येतो.

१२ नोव्हें.
चित्र जमत नाही. तीन कागद फाडले. राव सरांचा कॉम्प्युटर सारखा डोक्यात. माझ्या टेबलावर ठेवला असेल का? हे जेवले असतील का? इतकी तडफडत आले आणि चौथ्या दिवशी परतीची गाडी आठवते. मला निघायचंच फक्त होतं की काय?
आईंचं मात्र भलतंच. आमची चिक्कडपल्लीची दखनी हिंदी आणि भुआजींची मारवाडी, दोघींचं रात्रंदिवस चालतं. "हौ, मैं बी वैसाइच बोली थी!" असं काहीतरी आणि मग दोघी पदर तोंडाला लावून हसतात. आईंना असं हसताना मी बघितलेलं नाही.

१४ नोव्हें.
सकाळी बॅग भरली. आईंची पिशवी भरायला गेले तर त्या पाठीवर उन्हं घेत चौकात बसलेल्या.
"मी न्हाई येत," म्हणाल्या.
"पुष्कर राहिलं म्हणून? करू ना, वाटेत आहे."
"पुष्कर नको. इथंच राहते थोडे दिस."
"थोडे म्हणजे किती? आई, मी ह्यांना काय सांगू?"
"सांग की राहिली म्हणून." मग हळूच, "सुनंदा, सकाळी उठले की काय करायचं ते ठरलेलं नसतं बघ इथं. लगीन झाल्यापासून असं कधी झालंच न्हाई."
भुआजी म्हणाल्या, बहू, तू जा, मी आहे.
हातापाया पडले, रागावले, रडले. बस आली. मी चढले. एकटी जायचं होतं ना मला. परतीला मात्र एकटी निघाले.

१७ नोव्हें.
दार ह्यांनी उघडलं. माझ्या मागे बघितलं. "आई कुठेय?"
सांगितलं. आधी हसले, मग ओरडले, मग खुर्चीत बसून राहिले. "तिला इथे काय कमी होतं?" बँकेत मॅनेजर असलेला माणूस, आवाज पोरासारखा झाला होता. उत्तर मला येत होतं. दिलं नाही.

२२ नोव्हें.
नोकरी आहे. कॉम्प्युटर माझ्या टेबलावर नाही, शेजारी आहे. माऊस धरला की हात दुसऱ्याचा वाटतो. राव सर गोड बोलतात, ते जास्त वाईट.
घरी स्वयंपाक माझा. ताट वाढताना हे रोज आईंच्या खोलीकडे बघतात. आणि मला रात्रंदिवस तो निळा रंग. तिथे होते तेव्हा इथलं, इथे आले की तिथलं. काय करावं ह्या जिवाचं.

२ डिसें.
हे म्हणाले, पुरे झालं, नाताळात मी जातो आणि घेऊन येतो. शेजारणी विचारतात, ऑफिसात विचारतात. "लोक म्हणतात, सून सासूला टाकून आली."

९ डिसें.
एसटीडी बूथवरून फोन. शेठजींच्या गावात एकाच दुकानात फोन, आईंना बोलावून आणायला वेळ लागला. हे आधी बोलले. तब्येत, थंडी, स्वेटर. येतोय म्हणाले. पलीकडून काय आलं कळलं नाही. मग रिसीव्हर माझ्याकडे देऊन बाहेर जाऊन उभे राहिले.
"त्याला धाडू नको," आई म्हणाल्या. दम लागला होता, चालत आल्या असतील.
"आई, ते ऐकणार नाहीत."
"तो आला तर मला यावं लागंल गं. लेक आहे. तू आलीस तर न्हाई यावं लागत."
"मग मी येऊन काय करू?"
"ते तुझं तू बघ."
बाहेर आले. ह्यांनी विचारलं, काय म्हणाली?
"थंडी आहे म्हणाल्या."
रस्ता ओलांडताना ह्यांनी माझा हात धरला. बऱ्याच वर्षांनी. म्हणाले, "उद्या तूच काचीगुड्याला जा. तिकीट काढून आण."
कुणाचं, त्यांचं की माझं, ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.