आईचा गुडघा आणि कानबाईचे रोट

पुणे

तीर्थरूप नाना,

माझे गुडघे अजून मूळचेच आहेत, तेव्हा पूर्ण साष्टांग नमस्कार.

आईचा नवा गुडघा छान चालतो. काळजी नसावी. संताप आहे, तो माझा.

गुडघे बदललेली माणसे कितपत बरी होतात, यावर इथले डॉक्टर संशोधन करतात. काल त्यांनी आईला विचारले, जिना चढता का, गाडीत बसता का. आई हो म्हणाली. "निकाल उत्तम," म्हणून ते उठले.

आई म्हणाली, "डाक्टर, मना घर गाडी नही शे, भुई शे. कानबाईना रोट खावाले मांडी घालता यी का?"

"मांडी आता विसरा, मावशी."

हे ऑपरेशनआधी का सांगितले नाही, असे मी विचारले. म्हणाले, आमची प्रश्नावली परदेशातली आहे, तिच्यात मांडीचा प्रश्नच नाही. तिकडे श्रावणात घरोघरी कानबाई देवी बसत नसावी. यापुढे आधी सांगेन, एवढे मी त्यांच्याकडून वदवून घेतले.

आई म्हणते, "यंदा मी नुसती वाढीन."

नाना, श्रावणात रोटांच्या प्रसादाला भाऊबंदांच्या पंगतीत तिची खुर्ची मांडा. चालेल का म्हणून विचारू नका, सांगा. शेजारची खुर्ची तुमची. तुम्ही भिंत धरून उठता, हे घरून ज्योतीने मला कळवले आहे.

तुमचा आज्ञाधारक, बहुतेक वेळा,
प्रेमराज