प्रभुभोजनाचा उरलेला प्याला

मालेगाव (जहागीर)
सोमवार, ३० जानेवारी १९५६

प्रिय हेमसिंग,

आईचा प्रभूमध्ये सलाम. तुझं पत्र मिळून आठ दिवस झाले. लहानपणापासून तुला पत्राची शेवटची ओळ आधी वाचायची खोड आहे. भुसावळच्या त्या रेल्वेच्या खोलीत बसून या खेपेला तसं करू नकोस, पहिल्यापासून नीट वाच. तू लिहितोस की ललिताला आता नांदवणार नाही, तिच्या बापाला, खेमाला, कळवून झालंय, आणि येत्या रविवारी पाच तारखेला तो मोटारीनं येऊन तिला कायमची कामरगावला घेऊन जाईल. हे तू माझ्याच पत्रावरून ठरवलंस. नाताळानंतर मीच तुला लिहिलं होतं की तुझ्या बायकोचं लक्षण काही ठीक दिसत नाही. काय पाहून लिहिलं ते तेव्हा सांगितलं नव्हतं. आज सगळं सांगते.

पहिला संशय प्याल्यावरून आला. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनाची तयारी माझ्याकडे असते, तुला माहीत आहे. मनुका मीच भिजवते, रस मीच गाळते आणि काचेच्या चिमुकल्या प्याल्यांत मीच ओतते. आपली मंडळी ती केवढी! माणसं एकवीस, प्याले एकवीस. ऑक्टोबरात प्याले धुवायला घेतले तर एक भरलेलाच. नोव्हेंबरात पुन्हा तेच. डिसेंबरात मी डोळे मिटलेच नाहीत. सगळे मान खाली घालून प्रार्थनेत, आणि मी बोटांच्या फटीतून बघतेय. थाळी आली तशी ललितानं ती पुढं सरकवली, पदर सारखा केला आणि बसली मख्खासारखी. मनात पाप असताना प्याला घेऊ नये हे आपल्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक. मग हिच्या मनात असं कोणतं पाप? माझ्या तर अंगाचा तिळपापड झाला. पंचवीस वर्षं मी वाशीमपासून अनसिंगपर्यंत बायांना पश्चात्ताप शिकवत हिंडले, आणि माझ्याच घरचा प्याला परत यावा?

बाळ भादव्यात गेलं तेव्हा तुला रजा मिळाली नव्हती, म्हणून तेही सांगते. आठ महिन्यांचं लेकरू, तीन दिवसांचा ताप, आणि संपलं. शेवटची अंघोळ घालताना मला त्याच्या कमरेला काळा दोरा सापडला. शेजारच्या तुळसाबाईनं देवीच्या ओट्यावरून आणून दिलेला, आणि ललितानं माझ्या नकळत बांधलेला. मी तो कातरीनं कापला. माती लोटायच्या आधी सगळ्यांसमोर तिला सांगितलं की तू देवाला सोडून दोऱ्याला धरलंस, म्हणून देवानं लेकरू काढून घेतलं. कडू होतं, पण जगाला उपदेश करणाऱ्या बाईनं घरच्या माणसाला सोडून कसं चालेल? ती रडली नाही. त्यानंतरही मी तिला कधी रडताना पाहिलं नाही. पोटचं पोर गेलं आणि डोळ्याला पाणी नाही, याचाही मला संशयच आला.

मग गुरुवार सुरू झाले. दर गुरुवारी दुपारी ती दळणाचा डबा घेऊन निघायची. गिरणी दोन गल्ल्या पलीकडे, आणि हिला यायला दोन तास! परत आली की पदराला कापसाचं तूस, केसांत कापसाचं तूस. अगं माय, गिरणीत पीठ उडतं, कापूस कुठून उडेल? त्या बाजूला पिंजाऱ्याचं घर एकच, सादिकचं. सादिक तिशीतला, बायको वारलेली. एवढं मला पुरे होतं. मी कोणाजवळ काही बोलले नाही असं लिहायला मला आवडलं असतं. पण शुक्रवारच्या बायांच्या प्रार्थनेत मी गुडघे टेकले आणि मोठ्यानं म्हणाले, हे प्रभू, आमच्या घरात जे पाप लपून बसलंय ते उजेडात आण, परपुरुषाच्या दाराकडे वळलेलं पाऊल मागं फिरव. नाव कोणाचं घेतलं नाही, पण घरात आम्ही दोघीच. चुगली केली असती तर बायांनी मला गप्प केलं असतं. प्रार्थनेला कोण काय म्हणणार? सगळ्यांनी आमेन म्हटलं. ललिता त्यांच्यातच बसली होती. तिनंही म्हटलं. त्याच संध्याकाळी मी तुला पत्र टाकलं.

तुझं उत्तर आलं आणि मी धसकले. खेमासमोर तोंड उघडायचं तर पक्कं काहीतरी हातात हवं. म्हणून गेल्या गुरुवारी तिच्या मागं निघाले. झेंड्याचा दिवस, रस्त्यात पोरांची गर्दी, त्या गर्दीच्या आडोशानं चालले. तिनं गिरणीत डबा ठेवला आणि सरळ पिंजाऱ्याच्या घरात शिरली. मी थोडं थांबले आणि घुसले आत. ओसरीवर सादिक तोंडाला फडकं बांधून कापूस पिंजायची धुनकी चालवत होता, ठणठण ठणठण, घर नुसतं दणाणत होतं. त्यानं मला पाहिलं, पण हात थांबवला नाही. त्याची बहीण सरवरी आडवी आली. मी ओरडले, माही सून काढ बाहेर! ती म्हणाली, “रामीबाई, हळू बोला. ती आतमंदी रडून राह्यली. धुनकी चालू असली की रडनं गल्लीत आयकू जात नाही, म्हनून येते. भावाले मीच सांगून ठेवलं, ती उठेपर्यंत हात थांबवू नको.” मी म्हटलं, रडायले तिले सोताचं घर नाही का? तर सरवरी म्हणते, “तुमच्या घरी तिले सांगतेत, पोर काहून मेलं. आमच्या घरी कोनी नाही सांगत.” मी पडद्याची कड धरून आत पाहिलं. पिंजलेल्या कापसाच्या ढिगात तोंड खुपसून पडली होती तुझी बायको, आणि पाठ नुसती गदगदा हलत होती.

तरी माझं मन मानेना, बघ कशी आहे मी! वाटलं, हे सगळं ठरवून केलेलं. तशीच प्रेमसिंग पाळकांकडे गेले आणि विचारलं, ललिता प्याला का घेत नाही ते तुम्हाला ठाऊक आहे? म्हणाले, आहे. दर प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी ती येते आणि एवढंच सांगते, “एका मानसाले माफ करनं मले अजून जमत नाही. जमलं असं खोटं दाखवून मी प्याला नाही घेनार.” मी ताडकन विचारलं, कोण माणूस? मला वाटलं तुझं नाव निघेल, तू मातीला आला नाहीस म्हणून. पाळकांनी चष्मा काढला, पुसला आणि मलाच विचारलं, “रामीबाई, लेकराच्या कबरीजवळ तुमी काय बोलल्या होत्या?”

घरी आले तेव्हा ललिता भाकरी थापत होती. मी तिच्यापुढं हात जोडले. मनात होतं, आता ही गळ्यात पडेल, दोघी रडू आणि सगळं धुऊन निघेल. तशा साक्षी मी सभांमधून ढिगानं ऐकल्यात. तिनं तव्यावरची भाकर उलटली आणि म्हणाली, “आयकलं मी, आत्याबाई. पन अजून नाही जमत.” मग मला जेवायला वाढलं, वर तूप घातलं. हेमसिंग, मला आधी त्या तुपाचाच संशय आला. कृपा फुकट मिळते, ती कमवावी लागत नाही, असं मी पंचवीस वर्षं लोकांच्या दारात घसा फोडून सांगितलं. आणि माझ्यावर वेळ आली तेव्हा मनात पहिली गोष्ट हीच आली की फुकट कशी, यात काहीतरी डाव असणार. सुनेवर पाळत ठेवता ठेवता मी देवावरही पाळत ठेवायला लागले होते रे. एकवीस प्याल्यांत तिचा तेवढा खरा होता. बाकीच्यांचं त्यांना ठाऊक, माझा कसा होता ते मला ठाऊक आहे.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले ते. तू अडीच वर्षांचा असताना तुला देवी आल्या, त्याचे व्रण अजून तुझ्या गालावर आहेत. तुझे बाबा सभेसाठी परगावी होते. नवव्या दिवशी तुझे डोळे फिरले आणि मी, बाप्तिस्मा घेऊन वर्ष झालेली बाई, तुला पदराखाली झाकून त्याच देवीच्या ओट्यावर घेऊन गेले. नारळ फोडला, तुझ्या कमरेला काळा दोरा बांधून आणला. तू वाचलास. बाबा परत यायच्या आत मी तो दोरा कापून पेटीच्या तळाशी दडवला, आणि मंडळीपुढं उभी राहून साक्ष दिली की नुसत्या प्रार्थनेनं माझं लेकरू उठलं. त्या साक्षीवरच मला उपदेशाचं काम मिळालं. हे आजवर कोणाला माहीत नाही. येत्या शुक्रवारी बायांच्या प्रार्थनेत, त्याच जागी, मी हे सगळं बोलणार आहे, आणि या वेळी डोळे उघडे ठेवून, ललितासमोर. काम जाईल, जाऊ दे. पण तुला ते दुसऱ्याच्या तोंडून कळू नये म्हणून आधी लिहिते. खेमा माझं ऐकायचा नाही, तो नवऱ्याचा शब्द मानतो, तेव्हा पत्र मिळताच त्याला येऊ नको म्हणून तार कर, आणि रजा काढून तू ये. तुझा तो दोरा कागदात गुंडाळून यात घातलाय, हातात घेऊन बघ. दोऱ्यासाठी देव लेकरं काढून घेत असता, तर आज हे पत्र मी कोणाला लिहिलं असतं?

तुझीच, चुकलेली आई,
रामीबाई